नदीचे खोरे आणि पाण्याचा हिशेब

एखाद्या वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडे असावीत आणि सर्वांस मिळून पाण्याचा एकच हौद असावा. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या घागरींचा हिशेब चोख ठेवला, परंतु हौदात पाणी किती उरले हे कोणीच पाहिले नाही, तर शेवटच्या बिऱ्हाडाच्या वाट्यास कोरडा तळच यावयाचा! नदीच्या पाण्याची योजना जिल्हावार आखणे म्हणजे नेमके हेच करणे होय.

जिल्ह्याची शीव माणसाने कागदावर आखलेली असते. पाण्याची शीव डोंगराच्या धारेवर असते. ज्या भूभागावरचा पाऊस एका ओढ्यात उतरतो तो त्या ओढ्याचा पाणलोट. आणि असे अनेक पाणलोट मिळून नदीचे खोरे बनते. म्हणून हिशेबाचा घटकही पाणलोटांचा समूहच असावयास हवा. तो फार लहान धरला तर खालच्या गावांची तहान दृष्टीस पडत नाही. फार मोठा धरला तर गावकऱ्यांचा आवाज त्यात बुडून जातो.

डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली याच विचाराने महाराष्ट्राची २५ उपखोरी कल्पिली. त्यांतील एक, पैठणपर्यंतचे ऊर्ध्व गोदावरीचे, येथे उदाहरणादाखल घेऊ. ब्रह्मगिरीवर उगम पावलेल्या गोदावरीस वाटेत दारणा व कादवा मिळतात. पुढे मुळेला पोटात घेऊन आलेली प्रवरा मिळते. आणि हे सारे पाणी जायकवाडीच्या जलाशयाकडे जाते. दारणेचे धरण १९१६ साली व भंडारदऱ्याचे १९२६ साली पुरे झाले. जायकवाडी झाले १९७६ साली. वरच्या धरणांवर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील द्राक्षे, ऊस आणि शहरे अवलंबून. जायकवाडीवर मराठवाड्यातील शेती आणि छत्रपती संभाजीनगर, जालना यांसारख्या शहरांचे पिण्याचे पाणी. पाऊस भरपूर झाला की तंटा नसतो. अवर्षणाच्या वर्षी मात्र वरची धरणे आधी भरतात आणि खालचे रिते राहते. दोन्ही बाजूंची गरज खरी असते, हीच यातील अडचण होय.

२००५ च्या कायद्याने अशा वर्षी वरच्या व खालच्या साठ्यांचे प्रमाण सारखे राखण्याचे तत्त्व घालून दिले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने त्यास आकड्यांचे रूप दिले : खरिपाचा वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. तरीही पाणी सोडण्याची वेळ आली की मोर्चे निघाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. सूत्र होते, पण ज्यांच्या शेतातून पाणी वजा व्हावयाचे, त्यांना ते आपले वाटले नाही.

याच खोऱ्यात याहून निराळे उदाहरणही आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला, ओझर येथे, पाणी पोचतच नसे. १९९० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, आपसांत वाटावयाचे आणि पट्टी स्वतः गोळा करावयाची. पुढे अशा २४ संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाच्या वाटपाचा भार त्यांच्या महासंघाने उचलला. वाटणीचा नियम तोच कठोर. परंतु तो घेणाऱ्यांनीच ठरविलेला असल्यामुळे तो पाळणारेही तेच झाले.

कालव्यावर जे साधले ते उपखोऱ्यावर साधणे अधिक कठीण आहे, हे उघड आहे. त्यासाठी दिंडोरीचा बागायतदार, पैठणचा शेतकरी आणि नळाचे पाणी पिणारा शहरी गृहस्थ यांनी एकाच साठ्याचे आकडे समोर ठेवून बसावयास हवे, आणि तेही धरणे भरलेली असताना. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण आपल्या घरात जुनेच आहे. तहान लागल्यावर वाटणीही करू नये, इतकेच त्यास जोडावयाचे आहे.