माळ्यावरचा संगणक उघडण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत नागपुरातल्या बऱ्याच घरांच्या माळ्यावरून एक जुने धूड खाली उतरते. पिवळट पडलेला डबा, टीव्हीसारखा पोट असलेला मॉनिटर, खटखट वाजणारा कीबोर्ड आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या फ्लॉप्या. पूर्वी अशा वेळी थेट कबाड्याला हाक जायची. आता पन्नाशीला टेकलेली मंडळी जरा थांबतात. ‘एकदा चालू तर करून पाहू’, म्हणतात. काहींना मग त्याचा नादच लागतो. भंगारातून जुने संगणक उचलायचे, दुरुस्त करायचे आणि त्यांच्यावर ‘पॅराट्रूपर’, ‘डिगर’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे जुने खेळ पुन्हा खेळायचे.

छंद चांगला आहे. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे यंत्र उघडणे म्हणजे मोबाइलचे कव्हर बदलणे नव्हे. त्यात शिसे असते, गळणारी बॅटरी असते आणि मॉनिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतदाब असतो. घरात लहान मुले असतील तर हे माहीत असणे आणखी गरजेचे.

चपला बाहेर काढण्याचा काळ

आयबीएमने आपला पहिला ‘पीसी’ १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणला. भारतात १९८४च्या संगणक धोरणाने आयात शुल्क कमी केले आणि एचसीएल, विप्रो, झेनिथ ही नावे कार्यालयांत दिसू लागली. १९८४-८५ मध्येच केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेल्या ‘बीबीसी मायक्रो’ संगणकाची मेमरी होती ३२ केबी. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या शंभरपट जागा घेतो. पण मान मोठा! संगणकाच्या खोलीला पडदे, वातानुकूलन आणि दाराबाहेर चपलांची रांग.

त्या काळचे अनेक खेळ प्रोसेसरच्या वेगावर चालत. पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. पुढे वेगवान यंत्रे आली आणि तेच खेळ इतके पळू लागले की खेळणे अशक्य झाले. म्हणून डब्यावर ‘टर्बो’ बटण आले. नाव टर्बो असले तरी खेळणाऱ्यांना त्याचा उपयोग यंत्र हळू करण्यासाठीच होई. आज ‘डॉसबॉक्स’सारख्या मोफत प्रणालीमुळे हे खेळ नव्या लॅपटॉपवरही चालतात. ज्यांना फक्त खेळायचे आहे, त्यांच्यासाठी तोच सर्वांत सुरक्षित मार्ग. ज्यांना खरे यंत्रच चालवायचे आहे, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

खेळाचा मेंदूशी संबंध

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळतात. वेळ संपली की खेळ संपला. मध्येच जाहिरात नाही, सूचनेची घंटी नाही. मोबाइलच्या न संपणाऱ्या खेळांपेक्षा हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

१९८४ मध्ये मॉस्कोत जन्मलेल्या ‘टेट्रिस’ या विटा रचण्याच्या खेळावर तर वैद्यकीय संशोधनही झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या पाच रुग्णांना हा खेळ खेळायला दिला होता. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते. तरी त्यातल्या तिघांना झोप लागताना डोळ्यांसमोर पडणाऱ्या विटा दिसल्या. मेंदू आठवणी एकाच कप्प्यात ठेवत नाही, हे यातून दिसले. पुढे ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात वाहन अपघातातल्या ७१ जणांवर प्रयोग झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत ज्यांनी तो प्रसंग थोडक्यात आठवून टेट्रिस खेळला, त्यांना पहिल्या आठवड्यात अपघाताची नकोशी दृश्ये ६२ टक्के कमी वेळा आठवली. म्हणून गेम हे औषध ठरत नाही. अभ्यास लहान होता आणि तज्ज्ञांच्या देखरेखीत झाला होता.

प्लग काढला तरी वीज आत

जुन्या मॉनिटरच्या किरणोत्सर्गाची भीती पूर्वी फार होती. पडद्यावर काचेची जाळी लावण्याची फॅशनच होती. प्रत्यक्षात मॉनिटरच्या काचेतले शिसे हे किरण अडवते. खरी भीती आहे ती मागचे झाकण उघडण्याची. रंगीत मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही हा भार आत साठून राहू शकतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्येही २३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठतात. या दोन गोष्टी शिकाऊ हाताने उघडू नयेत. जुने टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक अजून आहेत; हे काम त्यांचे. बरीच वर्षे बंद असलेले यंत्र पहिल्यांदा चालू करतानाही त्यांच्याकडच्या सिरीज बोर्डावरच लावावे. आत शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बल्ब भक्क पेटतो आणि यंत्र वाचते.

डाग देताना

जुन्या सर्किटवर डाग देण्यासाठी वापरलेल्या सोल्डरमध्ये साधारण ४० टक्के शिसे असते. सोल्डरिंग करताना निघणारा धूर शिशाचा नसतो, तो राळेचा असतो. या धुराने दमा सुरू होऊ शकतो किंवा असलेला बळावू शकतो. म्हणून काम खिडकीपाशी आणि पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवून करावे. शिसे शरीरात जाते ते बोटांवाटे. काम करता करता चहा-बिस्कीट, खर्रा किंवा तंबाखू तोंडात गेला की त्यासोबत शिसेही जाते. नागपुरात हे वेगळे सांगायला नकोच.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढेच शिसे पोटात गेले तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. लोह किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मुलात हे प्रमाण आणखी वाढते. परिणाम लगेच दिसत नाही. अभ्यासातले लक्ष आणि आकलन हळूहळू कमी होते आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून डाग देण्याचे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. नंतर जागा ओल्या फडक्याने पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. माळ्यावरच्या यंत्रातली धूळही घरात झटकू नये. गच्चीवर, मास्क लावून, ब्रशने काढावी. उंदीर-पारव्यांची घाणही त्यात असते.

नाण्याएवढी बॅटरी

३८६ आणि ४८६ या पिढीच्या मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती गळून आजूबाजूचे तांबे निळे-हिरवे होते. हा द्रव तीव्र अल्कली असतो. हातमोजे घालून बॅटरी काढावी. बोर्ड साफ करायला व्हिनेगर चालते, पण डोळ्यात थेंब उडाला तर फक्त पाणी. किमान वीस मिनिटे नळाखाली डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे.

त्यानंतरच्या संगणकांत बटण सेल आला. त्यावरचा २०३२ हा आकडा म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला हाच आकार पुरेसा. अडकलेला सेल विझलेला वाटला तरी त्यातला उरलेला प्रवाह दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. मूल अचानक लाळ गाळू लागले, खायला नकार देऊ लागले आणि टेबलावरचा सेल सापडत नसेल, तर उलटी काढू नये, वाट पाहू नये. तडक मोठे रुग्णालय गाठावे. एक्स-रेमध्ये नाण्याला एकच कड दिसते, सेलला दुहेरी. सेल गिळल्याची शंका आधीच सांगितली तर मोलाचा वेळ वाचतो.

कूलरपासून लांब

नागपूरचा मे महिना माणसांसारखाच यंत्रांनाही सोसत नाही. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. टिनाच्या छपराखाली ठेवलेले यंत्र त्यामुळे न वापरताही म्हातारे होते. उपाय म्हणून ते कूलरच्या हवेत ठेवणे अधिक वाईट. दमट हवेने गंज चढतो, आणि धोका माणसालाही असतो. अर्थिंग नसेल तर जुन्या संगणकाच्या धातूच्या डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात. फरशी कूलरच्या पाण्याने ओली, पाय अनवाणी आणि आत एखादा दोष, असे जुळून आले तर झिणझिण्यांवर भागत नाही. तीन पिनांचा प्लग, तपासून घेतलेले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, इतके असल्याशिवाय हे यंत्र चालू करू नये.

नको असेल तर

जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के नोंद असलेल्या, रीतसर पुनर्वापरात गेला. उरलेल्यापैकी बराच भाग उघड्यावर फोडला किंवा जाळला जातो. तांब्यासाठी वायर जाळणारे आणि मॉनिटरची काच फोडणारे हात अनेकदा लहान मुलांचे असतात. एक संगणक दुरुस्त होऊन वापरात राहिला तर तेवढे शिसे त्या हातांपासून दूर राहते. आरोग्याच्या दृष्टीने या छंदाची ही सर्वांत जमेची बाजू.

ज्यांना यंत्र ठेवायचे नाही, त्यांनी ते दारावरच्या कबाड्याला किलोने विकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवे. अधिकृत केंद्रांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. देण्याआधी फ्लॉप्यांमधले कामाचे काही असेल तर ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, कारण फ्लॉपीचे आयुष्य दर उन्हाळ्याला घटते आहे.

आणि ज्यांना ठेवायचे आहे, त्यांनी नातवंडांना त्यावर जरूर खेळू द्यावे. फक्त डबा उघडा असेल आणि सोल्डरिंग सुरू असेल, तेव्हा मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.