फांदी कुणी आणली?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालं की मलकापूर मागे पडतं आणि आंबा जवळ येईल तसं रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान दाट होत जातं. शाहूवाडी तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात हिरडा आहे, कुडा आहे, करवी आहे आणि वासानेच नाक मुरडायला लावणारा नरक्याही आहे. यांतला हिरडा सगळ्यांत कमावता. वैद्याला तो लागायचाच, पण त्याहून जास्त लागायचा कातडं कमावणाऱ्याला. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीची साल यांच्यावरच तयार होत आलं. रानातून हिरडा वेचून आणणाऱ्याचं नाव मात्र कुठल्या वहीत सापडायचं नाही.

हाच हिरडा भारतात छापलेल्या एका पुस्तकात येतो तो १५६३ साली, गोव्यात. तिथे छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तकाचा लेखक गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात उपचारांसाठी जात-येत राहिला. त्या काळचे विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. याने पोर्तुगीज भाषा निवडली आणि मांडणी केली संवादांची. एका बाजूला स्वतः ऑर्ता, दुसऱ्या बाजूला स्पेनहून शिकून आलेला रुआनो हा कल्पित मित्र. रुआनो ग्रीक ग्रंथकारांचे दाखले देतो आणि ऑर्ता, मी इथे काय पाहिलं ते ऐक, असं म्हणत त्याला खोडत जातो. हिरडा, बेहडा, आवळा हे प्रकार एकाच झाडाला येत नाहीत, त्यांची झाडं वेगळी, हे युरोपच्या वैद्यांना समजावून सांगावं लागत होतं. शाहूवाडीतल्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट सांगायला छापील ग्रंथ लागला, याची गंमत वाटते.

पुस्तक छपाईच्या दृष्टीने अगदी ओबडधोबड आहे. शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. विषयांतराला तर धरबंध नाही: बोरं आणि भिरंड यांच्यावरच्या संवादात ऑर्ता मधूनच दख्खनच्या राजांची नावं आणि किताब समजावत बसतो. मला हे पुस्तक याच पसाऱ्यामुळे आवडतं, कारण पसाऱ्यात माणसं शिल्लक राहिली आहेत. अंतोनिया नावाची घरातली दासी बोलावल्यावर येते आणि हवी ती वनस्पती आणून समोर ठेवते. निशोत्तराची चर्चा निघते तेव्हा मालुपा नावाचा गोव्यातला हिंदू वैद्य येऊन ते औषध कसं वापरतात ते सांगतो. ऑर्ताचं ज्ञान कोणाच्या हातून आलं, हे ऑर्ताच्याच पानांवर दिसतं.

१५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पहून या पुस्तकाचा लॅटिन सारांश काढला. त्यात चित्रं घातली, पाल्हाळ कापलं, मांडणी शिस्तीत बसवली. युरोपात ऑर्ता पोचला तो मुख्यतः या सारांशातून. वाचकाची सोय झाली, पण संवाद गेला तशी अंतोनियाही गेली. ऑर्ताचं स्वतःचं पुढे काय झालं? तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने त्याची बहीण कातरिना हिला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

विद्येची ही वाट एकेरी नव्हती. त्याच सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंगरोग नावाचा नवा आजार आला आणि त्यावर चोपचिनी सांगितली गेली. आजार फिरंग्यांचा, मुळी चीनकडची, नोंद संस्कृतात. ऑर्ताच्या पुस्तकातही चिनी मुळीवर स्वतंत्र संवाद आहे. आपली परंपरा बंदिस्त होती आणि ती बाहेरच्यांनी उचलून नेली, असं सरसकट बोललं जातं. असं बोलणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत.

गोव्याच्या पुस्तकानंतर शंभरेक वर्षांनी कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात सातशेच्या वर वनस्पतींची मोठी ताम्रपट-चित्रं आहेत. लॅटिनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांतही नावं कोरलेली. आपला पांढरा कुडा त्यात 'कोडगा-पाला' म्हणून भेटतो. पुढे लिनीयसने झाडांना नावं देताना या ग्रंथाचा आधार घेतला.

पण मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं पान वाटतं ते चित्राचं नाही. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन वैद्यांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. हे तिघे कोचीनला स्थायिक झालेल्या कोकणी समाजातले. आपण दोन वर्षं या कामी कसे राबलो, माणसं पाठवून झाडं कशी आणवली आणि निघंटूशी कशी पडताळली, हे त्यांनी लिहून दिलं. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचंही स्वतंत्र पत्र आहे. साम्राज्याच्या कारभाऱ्याने स्थानिक वैद्यांची साक्ष त्यांच्या लिपीत छापावी, हे त्या काळात विरळाच. अर्थात इथेही एक पायरी उरतेच: वैद्यांनी पाठवलेल्या माणसांची नावं पत्रात नाहीत.

आता परत आंब्याच्या रानात, नरक्याकडे. १८३९ मध्ये मुंबईत जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी छापली जात होती. ग्रॅहॅम टपाल खात्यातले अधिकारी. यादी पुरी होण्याआधीच ते गेले आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. याच यादीत नरक्याला निम्मोंच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालं. आजही त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात.

नरक्याचं नशीब मात्र उघडलं ते १९७२ मध्ये. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आधी, १९६६ साली, एका चिनी झाडात सापडलं होतं. गोविंदाचारी आणि विश्वनाथन या रसायनशास्त्रज्ञांनी ते नरक्यात दाखवून दिलं, आणि तेही भरपूर. या द्रव्यापासून पुढे कर्करोगावरची टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं बनली. नशीब उघडलं म्हणजे कुऱ्हाड आली. मुळासकट झाड काढायचं, फोडून वाळवायचं, पोत्यात भरून पाठवायचं. कोल्हापूरच्या रानांत, त्यांत शाहूवाडीच्याही, नरक्याची चोरटी तोड झाली. धाडी पडल्या की सापडायचा तो बहुधा तोडणारा किंवा टेम्पोवाला. पोती ज्याच्यासाठी भरली तो नव्हे. फांदी आणणाऱ्या माणसाचं नाव कागदावर चढलं, पण आरोपी म्हणून.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आता लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्या नमुन्यात झाडाझुडपांबरोबर गावातल्या वैदूंची आणि जाणकारांची नोंद करायलाही जागा दिलेली आहे. असली नोंदवही तालुक्याच्या गावी बसून, आधीच्या गावाच्या मजकुरावरून उतरवून काढता येते, हे सरकारी कागद हाताळलेल्या कुणालाही कळेल. ती तशी होऊ नये असं वाटत असेल, तर भरणाऱ्याने आधी धनगरवाड्यावर जावं, बाळहिरडा वेचणाऱ्या बायकांना गाठावं, आणि झाडाचं नाव विचारण्याआधी त्यांचं नाव विचारून लिहून घ्यावं.