विकायचा भाव आधी ठरवा, मग शेअर घ्या

बागवान बंधूंना हे शिकवावे लागत नाही. आंब्याच्या पेटीत दोन फळे डागी निघाली की ती त्याच दिवशी पडेल भावाने काढायची; उद्यावर ठेवली तर सारी पेटी जाते. पण हाच व्यापारी शेअर बाजारात आला की पडलेला शेअर 'आज ना उद्या भाव येईल' म्हणत धरून बसतो आणि चढता शेअर दोन रुपये नफ्यात घाईने विकतो. नफा छोटा आणि तोटा मोठा, असा धंदा कोणत्याही पेठेत चालत नाही.

शेअर घेऊन काही दिवस किंवा काही आठवडे ठेवायचा आणि भावाच्या एका चढाचा फायदा घेऊन विकायचा, याला स्विंग ट्रेडिंग म्हणतात. त्यात खरेदीपेक्षा विक्री अवघड आहे. म्हणून आम्ही सांगतो, विक्रीचा निर्णय खरेदीपूर्वीच घ्यावा.

किती घ्यावेत?

समजा, भांडवल १ लाख रुपये आहे. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे १,००० रुपयांपेक्षा जास्त तोटा सोसायचा नाही, असा नेम करावा. शेअरचा भाव २०० आहे आणि अलीकडे तो १९२ च्या आसपास येऊन पुन्हा वर गेला आहे. त्याखाली गेला तर आपला अंदाज चुकला असे समजावे. तोट्याची हद्द १९० ठेवली तर दर शेअरमागे जोखीम १० रुपये. १,००० ला १० ने भागले की १०० शेअर येतात, तेवढेच घ्यावेत. उरलेले ८० हजार रिकामे राहिले म्हणून कासावीस होऊ नये. भांडवलाचे १० टक्के गेले तर उरलेल्यावर सुमारे ११ टक्के मिळवून ते भरून निघतात. निम्मे गेले तर उरलेले दुप्पट करावे लागतात.

केव्हा विकावेत?

एक, १९० चा भाव लागताच. दोन, लक्ष्य गाठल्यावर. जोखीम १० ची असेल तर लक्ष्य किमान २० चे, म्हणजे भाव २२०. दहापैकी सहा सौदे चुकले तर ६,००० जातात, चार साधले तर ८,००० येतात. दलाली व करापूर्वी २,००० शिल्लक. तीन, ठरलेल्या मुदतीत भाव हललाच नाही तर. भाव चढेल तशी तोट्याची हद्द वर न्यावी. खाली कधीही नेऊ नये.

स्टॉप लॉसची ऑर्डर साधारणतः त्या दिवसापुरतीच असते, ती रोज द्यावी. तीही पक्की हमी नव्हे. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला आणि व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. अशा दिवशी १९० ची हद्द असूनही शेअर १८० ला जाऊ शकतो.

हलालची हद्द

व्याजाच्या पैशावर शेअर घेऊ नयेत, हाती नसलेले विकू नयेत आणि दारू किंवा व्याजाचा धंदा करणाऱ्या कंपन्या टाळाव्यात. जानेवारी २०२३ पासून शेअर खरेदीनंतरच्या पुढच्या कामाच्या दिवशी डीमॅट खात्यात येतात. ताब्यात येण्यापूर्वी ते विकू नयेत. त्यामुळे पहिल्या दिवशी भाव पडला तरी थांबावे लागेल. ही जोखीम धरून १०० ऐवजी ८० शेअर घेतलेले बरे.

सुताचे, मजुरीचे किंवा मुलीच्या निकाहचे पैसे यात घालू नयेत. खरेदीपूर्वी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: खरेदीभाव, तोट्याची हद्द, लक्ष्य आणि मुदत. चारांपैकी एक जरी लिहिता आली नाही, तर तो सौदा आपला नव्हे.