हजरत अलींची वंशावळ कशी वाचावी

अरबी वंशावळ पहिल्यांदा समोर आली की नावांच्या गर्दीत आपण गोंधळून जातो. तेच ते अली, त्याच त्या फातिमा, आणि मधे मधे इब्न, अबू, बिन्त. पण ती वाचायची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. हजरत अलींच्या घराण्यावरूनच ती शिकून घेऊ. सुन्नी परंपरेत ते चौथे खलिफा (इ.स. 656 ते 661), शिया परंपरेत पहिले इमाम. राजघराणी, पंथ, सुफी परंपरा आणि आपल्या गावातली काही आडनावंसुद्धा या एका कुटुंबाशी येऊन मिळतात.

एक मोठा कागद आडवा घ्या आणि मधोमध ‘अली’ लिहा. वर पूर्वज, खाली वंशज, बाजूला भाऊबंद.

आधी चार शब्द माहीत करून घ्या. इब्न किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, बिन्त म्हणजे अमक्याची मुलगी, अबू म्हणजे अमक्याचे वडील, उम्म म्हणजे अमक्याची आई. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव लावून आपण थांबतो. अरबीत तसंच आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असं चढत जाता येतं. अली इब्न अबू तालिब इब्न अब्दुल मुत्तलिब इब्न हाशिम इब्न अब्द मनाफ इब्न कुसय्य. प्रत्येक ‘इब्न’पाशी कागदावर एक पायरी वर चढा.

पहिली चूक इथेच होते. अबू तालिब हे नाव पाहून पुष्कळ जण ‘तालिब’ नावाचा आणखी एक पूर्वज वरच्या ओळीत लिहितात. तालिब हा पूर्वज नव्हे, तो अलींचा थोरला भाऊ. थोरल्या मुलावरून वडिलांना ‘तालिबचे वडील’ म्हणत, आणि तेच नाव रूढ झालं. चार भाऊ होते : तालिब, अकील, जाफर आणि अली. अलींनाही पुढे थोरल्या मुलावरून अबुल हसन म्हणू लागले. तेव्हा एकच माणूस दोन नावांनी भेटला, तर दोन माणसं समजू नका.

वरच्या पिढ्यांत ही अडचण वाढते, कारण तिथली नावं बहुतेक टोपणनावंच आहेत. पणजोबा हाशिम यांचं मूळ नाव अम्र. मक्केत यात्रेकरूंसाठी रश्शात भाकरी कुस्करून वाढण्याची प्रथा त्यांनी घातली, असं परंपरा सांगते. ‘हाशिम’ म्हणजे कुस्करणारा. व्यापाराच्या वाटेवर गाझा इथे त्यांचं निधन झालं.

त्यांचा मुलगा शैबा याची कथा तर मुळातून सांगण्याजोगी आहे. हाशिम यांनी यस्रिबमधल्या, म्हणजे आजच्या मदिनेतल्या, सलमा नावाच्या स्त्रीशी लग्न केलं होतं. मुलगा आजोळीच वाढला. हाशिम गेल्यावर त्यांचे भाऊ मुत्तलिब पुतण्याला आणायला गेले आणि त्याला उंटावर मागे बसवून मक्केत शिरले. लोकांना वाटलं, मुत्तलिबने नवा गुलाम आणला. ते त्याला अब्दुल मुत्तलिब, म्हणजे मुत्तलिबचा दास, म्हणू लागले. गैरसमज मिटला, नाव मात्र जन्मभर राहिलं. म्हणून अब्दुल मुत्तलिब हे मुत्तलिब यांचे पुतणे, मुलगे नव्हेत. वंशावळ चढताना इथे घसरायला होतं.

कुसय्यच्या वर कुरैश टोळीचे पूर्वज लागतात आणि ओळ अदनानपर्यंत जाते. तिथपर्यंत वंशशास्त्रकारांचं बहुतांशी एकमत आहे. अदनानपासून इस्माईल आणि इब्राहीमपर्यंतच्या नावांत मात्र मतभेद आहेत, तेव्हा कागदावर तेवढा भाग तुटक रेघेने काढलेला बरा.

आता आडवे पसरू. मुसलमानांच्या सुरुवातीच्या इतिहासातली मोठी भांडणं समजायला या आडव्या रेघाच कामी येतात, आणि नेमक्या त्याच लोक गाळतात. हाशिम यांचे भाऊ अब्द शम्स. अब्द शम्सचा मुलगा उमय्या. त्याच्या वंशात मुआविया, आणि मुआवियाचा मुलगा यझीद. म्हणजे 657 मध्ये सिफ्फीनला अली आणि मुआविया समोरासमोर आले आणि 680 मध्ये करबलात यझीदच्या फौजेने अलींचे पुत्र हुसैन यांना मारलं, तेव्हा दोन्ही बाजूंचे पूर्वज एकाच बापाचे, अब्द मनाफचे, मुलगे होते.

एक पायरी खाली या. अब्दुल मुत्तलिब यांच्या मुलांपैकी अब्दुल्ला आणि अबू तालिब हे एकाच आईचे, सख्खे भाऊ. अब्दुल्लांचे पुत्र मुहंमद पैगंबर. म्हणजे पैगंबर आणि अली सख्खे चुलतभाऊ. अब्दुल मुत्तलिब यांचे आणखी एक पुत्र अब्बास. 750 मध्ये सत्तेवर आलेले अब्बासी खलिफा या अब्बास यांचे वंशज आहेत. अलींनाही अब्बास नावाचा मुलगा होता, त्यामुळे अब्बासींना अलींचे वंशज समजण्याची चूक सर्रास होते.

पैगंबर आणि अली या दोन चुलतभावांच्या वयांत जवळजवळ तीस वर्षांचं अंतर. पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधी गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा. मग काका अबू तालिब यांनी सांभाळलं. पुढे दुष्काळात काकांचा संसार ओढगस्तीला आला, तेव्हा पैगंबरांनी लहानग्या अलींना आपल्या घरी आणून वाढवलं. वाढवण्याचं हे नातं रक्ताच्या रेघेने दिसत नाही. कागदावर ते वेगळ्या रंगाने दाखवा.

आईची बाजू विसरू नका. अलींच्या आई फातिमा बिन्त असद. हे असद हाशिम यांचेच पुत्र. म्हणजे अलींचे आईवडील चुलत भाऊबहीण, आणि अली दोन्हीकडून हाशिमी. पैगंबर या काकूंना आईच मानत. त्यांच्या कफनासाठी त्यांनी अंगातला सदरा काढून दिला, अशी आठवण परंपरेने जपली आहे.

आता फातिमा मोजा. अलींच्या आजी फातिमा बिन्त अम्र, आई फातिमा बिन्त असद, पत्नी फातिमा बिन्त मुहंमद, आणि पुढे केलेली एक पत्नी फातिमा बिन्त हिझाम. नुसतं ‘फातिमा’ लिहिलंत तर आठवड्याभराने आपलाच कागद आपल्याला कळणार नाही. प्रत्येक नावापुढे वडिलांचं नाव लिहायचंच.

पैगंबरांची कन्या हजरत फातिमा नात्याने अलींच्या चुलत पुतणी. आपल्याकडच्या वाचकाला हे लग्न खटकतं, पण अरबांच्या रीतीत आणि इस्लामी कायद्यात चुलत घराण्यात लग्न चालतं. हसन, हुसैन, झैनब आणि उम्म कुलसूम ही त्यांची मुलं. मोहरमात आपल्याकडे जे पंजे बसतात, त्यांच्या पाच बोटांचा अर्थ पुष्कळ ठिकाणी पंजतन असा सांगतात : पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसैन.

फातिमा होत्या तोवर अलींनी दुसरं लग्न केलं नाही. 632 मध्ये त्या गेल्यावरची लग्नं आणि मुलं स्वतंत्र रकान्यात लिहा. फातिमा बिन्त हिझाम यांना उम्मुल बनीन, मुलग्यांची आई, म्हणतात. अब्बास धरून त्यांचे चारही मुलगे करबलात मारले गेले. दुसरे एक पुत्र मुहंमद इब्नुल हनफिय्या. इथे वडिलांऐवजी आईची ओळख लागली आहे, कारण आई हनीफा टोळीच्या होत्या. सुन्नींच्या हनफी पंथाशी याचा संबंध नाही. तो पंथ इमाम अबू हनीफांचा.

अलींच्या पाच मुलांचा वंश पुढे चालला : हसन, हुसैन, मुहंमद, अब्बास आणि उमर. सय्यद ही ओळख हसन-हुसैन यांच्या वंशजांची, कारण त्यांच्यातूनच पैगंबरांचं रक्त पुढे गेलं. बाकीच्यांचे वंशज अलवी. हुसैन यांची ओळ करबलातून वाचलेल्या एकाच मुलामधून, अली झैनुल आबिदीन यांच्यातून, चालली. त्यांचे नातू जाफर सादिक यांच्यापाशी पुन्हा फाटा फुटतो : मुलगा मूसा काझिम यांच्याकडून बारा इमामांची ओळ, इस्माईल यांच्याकडून इस्माइली पंथ. मुंबईतले दाऊदी बोहरा आणि आगाखानी खोजा या दुसऱ्या फाट्याचे.

आडनावांवरून थेट वंश ठरवायला जाऊ नका. झैदी, जाफरी, काझमी, रिझवी, नक्वी ही नावं एकेका पूर्वजावरून आली आहेत. पण रिझवीसारखंच दिसणारं रझवी हे नाव बरेलीचे विद्वान अहमद रझा खान यांचे अनुयायीही लावतात. कादरी आणि चिश्ती ही तर सुफी परंपरांची नावं, रक्ताची नव्हेत.

दर्ग्यात भिंतीवर ‘शजरा’ म्हणून नावांची लांब यादी लावलेली दिसते, तिथे हाच घोळ होतो. शजरा म्हणजे झाड. तो घराण्याचा असतो तसा गुरुशिष्यांचाही. खुलदाबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निझामुद्दीन औलियांचे शिष्य. तिथून चिश्ती परंपरा गुरूमागून गुरू चढत हसन बसरींमार्गे अलींपर्यंत जाते. हे हसन बसराचे विद्वान, अलींचे पुत्र नव्हेत. अशा यादीत नावांच्या मधे ‘इब्न’ आहे की ‘मुरीद’, म्हणजे शिष्य, हा शब्द आहे, ते आधी बघा आणि मगच त्या नावांना आपल्या कागदावर जागा द्या.