क्रॉपी पकडायचाय? आधी त्याची खोली शोधा

मे महिन्यातली एक सकाळ. नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्डन लेकच्या लाकडी धक्क्यावर मी दोन तास गळ टाकून बसले होते आणि बादली रिकामी होती. माझ्यापासून चार हातांवर बसलेले सत्तरीचे एक आजोबा मात्र दर दहा मिनिटांनी एक चंदेरी मासा वर काढत होते. पाणी तेच, आमिषही तेच. शेवटी न राहवून मी विचारलं. ते हसून म्हणाले, "तुझा गळ माशांच्या खाली आहे. दोन फूट वर घे."

मी घेतला. पंधरा मिनिटांत पहिला क्रॉपी हातात आला. विज्ञानात पीएचडी करूनही एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याची थोडी लाज वाटली. मग सवयीप्रमाणे वाचायला लागले, आणि लक्षात आलं की या माशाच्या बाबतीत जवळजवळ सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: तो आत्ता किती खोलीवर आहे? तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि यंदा पहिल्यांदाच गळ हातात घेणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. इतर देशांतल्या बहुतेक वाचकांना क्रॉपी भेटणार नाही, पण पाण्याचे नियम तुमच्याकडच्या तळ्यातही हेच आहेत.

आधी ओळख

इंग्रजी स्पेलिंगवरून 'क्रॅपी' म्हणावंसं वाटतं, पण धक्क्यावर बहुतेक जण 'क्रॉपी' म्हणतात. लुइझियानात याचं नाव आहे 'साक-अ-ले', फ्रेंचमध्ये शब्दशः दुधाची पिशवी. हा उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी, सनफिशच्या कुळातला. त्याच्या दोन जाती आहेत. पांढरा क्रॉपी, म्हणजे पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस, याच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात. काळा क्रॉपी, म्हणजे पोमॉक्सिस नायग्रोमॅक्युलॅटस, याच्यावर काळे ठिपके विखुरलेले असतात. शंका आली तर पाठीवरच्या पराचे टोकदार काटे मोजा. पांढऱ्याला बहुधा ५ किंवा ६, काळ्याला ७ किंवा ८. पांढरा गढूळ पाणी चालवून घेतो, काळ्याला नितळ पाणी आणि पाणवनस्पती आवडतात. साधारण वीतभर लांबीचा मासा मिळाला तर सुरुवात चांगली झाली समजा.

सामान थोडंच लागतं

हलकी, लवचीक काठी घ्या. ४ ते ६ पौंडांचं, म्हणजे साधारण २ ते ३ किलो ताण सोसणारं तंगूस पुरतं. आमिष म्हणून छोटे जिवंत मासे, म्हणजे मिनो, किंवा जिग. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ आणि त्याला पिसाची किंवा मऊ प्लॅस्टिकची शेपटी. १/१६ औंसाचा, म्हणजे जेमतेम पावणेदोन ग्रॅमचा जिग नवशिक्याला चांगला. मिनोसाठी बारीक तारेचा गळ घ्या. क्रॉपी बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत राहतो, त्यामुळे गळ अडकणारच. बारीक तार जोरात ओढली की सरळ होते आणि सुटून येते. पुन्हा वाकवा, पुन्हा वापरा.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सरकता बॉबर, म्हणजे तरंगणारा गोळा. तो तंगूसावरून मोकळा सरकतो आणि तुम्ही बांधलेल्या छोट्या गाठीपाशी थांबतो. गाठ सरकवली की गळाची खोली बदलते.

वर बघणारा मासा

क्रॉपीचे डोळे मोठे आणि डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, तोंडही वर उघडणारं. तो आपल्यापेक्षा वर असलेलं भक्ष्य उजेडाच्या पार्श्वभूमीवर हेरतो आणि वर जाऊन टिपतो. खाली लोंबणाऱ्या गळाकडे तो सहसा वळत नाही. म्हणून नियम सोपा: अंदाज चुकायचाच असेल तर वरच्या बाजूला चुकू द्या. एक मीटरपासून सुरू करा, दहा मिनिटांत काही झालं नाही तर गाठ अर्धा मीटर सरकवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेत करतो तेच.

यातून आणखी एक गंमत होते. क्रॉपी आमिष घेऊन बरेचदा वरच सरकतो. मग शिशाचा भार बॉबरवर राहत नाही आणि बॉबर बुडण्याऐवजी आडवा पडतो. नवशिके बॉबर बुडायची वाट बघत बसतात आणि मासा आमिष खाऊन निघून जातो. बॉबर आडवा झाला, की मासा लागला समजा.

पण हिसका देऊ नका. याच्या तोंडाभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की अमेरिकेत याला 'कागदी तोंडाचा' म्हणतात. मनगटानं हलकं उचला, तंगूस ताठ ठेवून हळू ओढा आणि शेवटी खालून जाळी लावा.

ऋतू, तापमान आणि खोली

क्रॉपीची खोली तीन गोष्टी ठरवतात: तापमान, प्राणवायू आणि उजेड.

वसंत ऋतूत पाणी १६ ते २० अंश सेल्सियसला, म्हणजे ६० ते ६८ फॅरनहाइटला आलं की क्रॉपी अंडी घालायला किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येतो. आमच्याकडे जुने मच्छीमार सांगतात की डॉगवूड फुलला की क्रॉपी काठाला आला. यात अंधश्रद्धा काही नाही. झाड आणि मासा दोघंही एकाच उबेला प्रतिसाद देत असतात. नवशिक्यासाठी हाच उत्तम काळ, कारण बोट लागत नाही.

उन्हाळ्यात तळ्याचे थर होतात. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही. मधल्या थरात काही हातांतच तापमान झपाट्यानं उतरतं. त्याच्या खाली हवा पोहोचत नाही आणि कुजणारं शैवाल उरलासुरला प्राणवायू संपवतं. वरचं पाणीही फारसं सुखाचं नसतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात फक्त ७.५ च्या आसपास. वर ऊन आणि उकाडा, खाली गुदमर. म्हणून क्रॉपी त्या मधल्या थराच्या जरा वर, सावलीत थांबतो. तार असलेला स्वस्त डिजिटल थर्मामीटर धक्क्यावरून सोडा आणि दर अर्ध्या मीटरला आकडा लिहा. जिथे आकडा एकदम घसरतो, त्याच्या थोडं वर गळ ठेवा. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, कारण मंद उजेडात त्याचे मोठे डोळे भक्ष्यापेक्षा सरस ठरतात.

शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली जातं, थर मोडतात आणि मासे विखुरतात. हिवाळ्यात ते पुन्हा खोल जागी, दाटीवाटीनं एकत्र येतात.

सोडून दिलं म्हणजे वाचला?

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. एका जानेवारीत मित्राच्या बोटीतून आम्ही सुमारे आठ मीटर खोलीवर क्रॉपीचा थवा गाठला. जेवणापुरते मासे झाले, पण हात थांबेनात. पुढचे मासे पकडून लगेच सोडायला लागलो. सोडतोय म्हणजे पुण्यच, असा आमचा समज. थोड्या वेळानं मागे पाहिलं तर त्यांतले चार पाण्यावर आडवे तरंगत होते, पोटं फुगलेली. एक बाल्ड ईगल उतरला आणि एकाला उचलून घेऊन गेला. बाकीचे तिथेच हेलकावत राहिले.

कारण शाळेतलंच आहे. क्रॉपीच्या पोटात वायूनं भरलेली पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे तो पाण्यात स्थिर राहतो. क्रॉपीत ती बंद असते. तोंडावाटे हवा सोडता येत नाही, रक्तावाटेच वायू हळूहळू काढावा लागतो. पृष्ठभागावर दाब एक वातावरण, दहा मीटरवर दोन. आठ मीटरवरून मासा झटक्यात वर आला की बॉईलच्या नियमानुसार वाताशयातला वायू जवळजवळ पावणेदोन पटींनी फुगायला बघतो. आतले अवयव दाबले जातात, कधी जठर तोंडातून बाहेर येतं, आणि मासा खाली जाऊच शकत नाही.

म्हणून खोली दुहेरी महत्त्वाची. मासा मिळेल की नाही हे ती ठरवते, आणि सोडलेला मासा जगेल की नाही हेही. खोल पाण्यात पुरेसे मासे झाले की गळ गुंडाळा. नियमापेक्षा लहान मासेच लागत असतील तर जागा बदला. उथळ पाण्यात मात्र सोडणं खरोखर उपयोगाचं ठरतं. वसंतात अंड्यांची राखण नर करतो. तो गेला की ब्लूगिलसारखे मासे घरट्यावर तुटून पडतात. त्या दिवसांत गडद रंग चढलेला नर मिळाला तर मी त्याला ओल्या हातानं धरून लगेच सोडते. मीटरभर पाण्यातून आलेला तो मासा सरळ खाली निघून जातो.

निघण्यापूर्वी

परवाना काढा. नॉर्थ कॅरोलायनात वय १६ झालं की तो लागतो. भारतातून आलेले आई-बाबा गळ धरणार असतील तर त्यांनाही लागतो. बऱ्याच राज्यांत थोड्या दिवसांचा परवाना मिळतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवायचे हे तळ्यागणिक बदलतं. तुमच्या तळ्यातला मासा किती खावा याबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याची सूचनाही वाचा. उरलेले मिनो तळ्यात ओतू नका, परक्या जाती आणि रोग अशानेच पसरतात.

माझं लहानपण उजनीच्या पाण्याजवळ गेलं. घरी भिगवणची चिलापी यायची. चिलापीत नर घरटं करतो, पण अंडी आई तोंडात सांभाळते. क्रॉपीत ती जबाबदारी बापाची. मागच्या वर्षी बाबा इथे आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी परवाना खिशात घातला, दिवसभर बसून तीन मासे पकडले आणि एक काळपट नर स्वतःच सोडून दिला. संध्याकाळी उरलेले दोन रव्यात घोळवून तळले. चौघांना जेमतेम पुरले, पण कुणी तक्रार केली नाही.

तुमच्या तळ्यात यंदा पाणी १६ अंशांवर कधी येतंय, ते बघून ठेवा.