ओ लिहिण्याआधी

गणपती जवळ आले की विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मांडवाच्या बांबूंबरोबर रक्तदान शिबिरांचे बॅनरही उभे राहतात. मंडळाच्या सभागृहात पंखे गरगरत होते. बोटाला टोच बसली आणि माझा पहिला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पडला. तो बुडाला. म्हणजे हिमोग्लोबिन किमान १२.५. तरंगला असता तर नुसतं चहा-बिस्कीट घेऊन घरी.

पुढचे थेंब पांढऱ्या टाइलवर. शेजारी निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि बिनरंगी अँटी-डी. काडीने ढवळलं. पहिल्या दोन्हींत काही झालं नाही, तिसऱ्यात रक्त नासलेल्या दुधासारखं फुटलं. कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ उमटलं. सारं मिनिटभरात.

दुसऱ्या दिवशी ओळखीने रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत बसायला मिळालं. तिथल्या ताईंना माझं कार्ड दाखवलं, तर त्या हसल्या. “हा अर्धा रिपोर्ट आहे.”

टाइलवर फक्त तांबड्या पेशींना विचारलं जातं. इथे रक्तद्रवालाही विचारतात. ज्याच्या पेशींवर ए नाही, त्याच्या रक्तद्रवात सहसा ए-विरुद्ध प्रतिद्रव्य असतंच. तेव्हा माझ्या रक्तद्रवाचे दोन-दोन थेंब तीन नळ्यांत गेले, त्यात ए, बी आणि ओ गटांच्या ओळखीच्या पेशी पडल्या आणि नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या. खरं कसब त्यानंतरचं. नळी उजेडासमोर तिरकी धरून बोटाने हलकेच टिचकी मारायची. तळाशी बसलेली लाल टिकली अख्खी सुटली, तर गुठळी. धुरासारखी विरत वर आली, तर काही नाही. ताईंच्या टिचकीत घाई नव्हती. जोरात हलवलं तर कच्ची गुठळी मोडते आणि निकाल खोटा येतो. माझ्या ए आणि बी नळ्यांत टिकली अख्खी सुटली. तिसरीत धूर.

“ही तिसरी नळी महत्त्वाची. यात गोळा झाला की हातातलं काम थांबवायचं.”

त्या तिसऱ्या नळीचा इतिहास मुंबईतलाच आहे, विक्रोळीहून धीम्या लोकलने थेट जाता येईल अशा परळचा. १९५२ साली केईएम रुग्णालयाच्या आवारात, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसांचं असं रक्त सापडलं की पेशी पाहाव्यात तर ओ, पण रक्तद्रव ओच्या पेशींनाही गोळा करतो. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. लँडस्टायनरने रक्तगट शोधून पन्नास वर्षं झाली होती. मला या गोष्टीत नव्या गटाहून त्या संशोधकांची चिकाटी मोठी वाटते. टाइलवर ‘ओ’ लिहून मोकळं होणं किती सोपं होतं!

ओच्या पेशी खरं तर रिकाम्या नसतात. त्यांवर एच नावाची साखरेची खुंटी असते. तिच्यावर एक साखर अडकली की ए, दुसरी अडकली की बी, काहीच नाही अडकलं तर ओ. परळला सापडलेल्या त्या गटात, म्हणजे बॉम्बे गटात, खुंटीच नसते. ती घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बी ठरवणारं नवव्यावर. म्हणजे वारसा वेगवेगळा. वडिलांकडून आलेलं बी जनुक अंगात असतं, पण लटकायला जागा नाही म्हणून दिसत नाही. पुढे मुलाला आईकडून धड खुंटी मिळाली की तेच बी त्याच्यात उघडं पडतं. आईबाप दोघेही कागदावर ओ आणि मूल बी! अशा घरात नसत्या संशयाला जागा होते.

भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा, युरोपात दहा लाखांत एखादा. ‘ओ सगळ्यांना चालतं’ हे वाक्य इथे जीवघेणं ठरू शकतं. या रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि पहिला फोन सख्ख्या भावंडांना जातो, कारण तिथे जुळण्याची शक्यता चारात एक असते. तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवसच टिकते. त्यामुळे या गटाचा खरा साठा दात्यांच्या फोननंबरांच्या यादीत असतो. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, गट मात्र बॉम्बेच राहिला.

तिसऱ्या नळीत गोळा दिसला म्हणून लगेच जल्लोष नाही, हेही ताईंनी बजावलं. आधी त्याच माणसाच्या पेशी त्याच्याच रक्तद्रवात घालून बघायच्या. मग नळी ३७ अंशांना ठेवायची. थंडीत उगाच चिकटणारी प्रतिद्रव्यं त्या उबेत बहुतेक सोडून देतात, बॉम्बेचं अँटी-एच, म्हणजे एच खुंटीविरुद्धचं प्रतिद्रव्य, सोडत नाही. शेवटी अँटी-एच द्रावण, जे युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढतात. साध्या ओच्या पेशी त्यात झटकन गोळा होतात, बॉम्बेच्या ढिम्म.

“तुम्हाला कधी सापडला?” मी विचारलं.

“एकदा. जेवायला निघाले होते, डबा तसाच राहिला.”

बोलता बोलता त्यांनी पुढचा रॅक ओढला. कन्नमवार नगराचेच नमुने होते. पहिली नळी उजेडासमोर तिरकी झाली.