आत्याची काठी आणि पाकोळीचे कान

मैत्रिणींनो, वटवाघूळ म्हटलं की अंगावर काटा येतो ना? आपल्या नाशकातल्या जुन्या वाड्यांत दिवेलागणीला पाकोळी आत शिरली की बायका आधी डोक्यावर पदर घेतात. ‘केसांत अडकते गं!’ हे लहानपणापासून ऐकलेलं. पण अंधारात वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी चुकवणारा प्राणी आपलं एवढं मोठं डोकं नाही का चुकवणार?

वडापिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळं फळं खातात आणि डोळ्यांनी बघतात. किडे खाणारी छोटी वटवाघळं मात्र कानांनी ‘बघतात’. इटलीतल्या स्पालान्झानी या धर्मगुरूनं १७९३ च्या सुमारास त्यांचे डोळे झाकून पाहिले, तरी ती बिनधास्त उडाली. कान बंद केल्यावर मात्र धडकू लागली. हे कोडं १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिननं सोडवलं. ती आपल्याला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या पट्टीत ओरडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतात.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते आत्यासाठी. काचबिंदूनं तिची नजर गेली. पांढरी काठी घेऊन ती पंचवटीतल्या गल्लीतून देवळात जाते, भाजीही आणते. पण दर दोन महिन्यांनी कपाळाला टेंगूळ! कधी दुकानाची खाली आलेली ताडपत्री, कधी टेम्पोच्या मागे आलेले गज. घरच्यांचं एकच पालुपद, ‘आता एकटीनं जाऊ नकोस.’ आत्या म्हणते, “अगं, खालचं काठी सांगते. वरचं कोण सांगणार?”

वरचं सांगणारी काठी आपल्याच देशात तयार झाली आहे. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘स्मार्टकेन’ बनवली. २०१४ मध्ये ती बाजारात आली. नेहमीच्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर एक छोटं यंत्र बसतं. ते पाकोळीसारखाच न ऐकू येणारा आवाज सोडतं. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, साधारण तीन मीटरच्या आत काही असेल तर प्रतिध्वनी येतो आणि मूठ थरथरते. अडथळा जवळ आला की थरथर बदलते. दीड मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी यायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही!

पण पाकोळी अजून पुढे आहे. काठीचा ‘कान’ एका जागी घट्ट बसवलेला. घोडनाल वटवाघळाचा कान मात्र हलतो, वाकतो, सेकंदाच्या दहाव्या भागात आकारही बदलतो. ते ओरडतं नाकातून, आणि नाकावरची पानासारखी कातडीही हलते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात रॉल्फ म्यूलर यांच्या गटानं असा लवचीक सिलिकॉनचा कान बनवला. कान हलला की त्यात शिरणारा आवाज किंचित बदलतो. त्या बदलावरून संगणकाला आवाजाची दिशा ओळखायला शिकवलं. २०२१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की अशा एकाच कानानं अर्ध्या अंशापर्यंत अचूक दिशा कळते.

आत्याच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? आजची काठी सांगते, ‘पुढे काहीतरी आहे.’ उद्याची कदाचित सांगेल, ‘डावीकडून वाकून जा.’ हा कान अजून प्रयोगशाळेतच आहे, काठीवर आलेला नाही.

तोवर घरात कुणाची नजर अधू होत असेल, तर ‘बाहेर जाऊ नकोस’ म्हणण्याआधी अशा काठीची चौकशी करा. मात्र नुसती हातात देऊन भागत नाही. कोणती थरथर म्हणजे किती अंतर, हे शिकावं लागतं. सुरुवातीला ओळखीच्या रस्त्यावर कुणीतरी सोबत चालावं लागतं. शिवाय खड्डा आणि पायरी काठीच्या टोकानंच चाचपावी लागते, ते काम यंत्र करत नाही.

आणि एक काम तर आजच करता येईल. आपल्या दारासमोरची कपड्यांची दोरी आणि रस्त्यावर आलेली कुंडीची फांदी जरा वर बांधा. पाकोळी चुकवेल हो, पण आपल्या गल्लीतून एखादी आत्याही जात असेल.